पाच प्रश्न, दोन उमेदवार

ठेकेदाराने पाचही प्रश्नांना होकार दिला होता. वकिलाने एकालाही धड होकार दिला नव्हता. आमच्या पत्रकात एवढंच होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या पत्रकाइतका मोठा अपराध माझ्या हातून दुसरा झालेला नाही.

मी पत्रकांवर वाढले. वडील रेल्वेत कारकून, घर हैदराबादेत, तारनाक्याला. घरात देवांच्या तसबिरींपेक्षा जुनी पत्रकं जास्त. रॉकेलच्या टंचाईचं पत्रक, बसभाडेवाढीचं पत्रक, कुठल्याशा धरणाखाली गेलेल्या गावांचं पत्रक. शेजारच्या मुलींना बडबडगीतं पाठ असायची, मला मागण्या पाठ होत्या. मराठी वाचायला मी त्यांवरच शिकले, कारण शाळा इंग्रजी होती, गल्ली तेलुगू बोलायची आणि दुकानदार दखनी उर्दू. छापलेलं ते खरं, आणि खरं असेल तरच छापायचं, हा आमच्या घरचा धर्म.

दर निवडणुकीला बाबा आणि त्यांचे दोन मित्र एक पत्रक काढत. एका कागदावर दोन रकाने. उमेदवारांना लेखी प्रश्न द्यायचे, सहीनिशी उत्तरं घ्यायची आणि जशीच्या तशी समोरासमोर छापायची. आपला एक शब्द घालायचा नाही. याहून कडक नियम आणखी एक होता. पत्रक काढणाऱ्याने मतदान होईपर्यंत कुणाचीही बाजू घ्यायची नाही. चौकात नाही, बसमध्ये नाही, घरी जेवतानासुद्धा नाही. आई म्हणायची, "एवढं सोवळं तर माझ्या सासूनंही पाळलं नाही." बाबा हसायचे. त्यांना ती स्तुती वाटायची. मलाही वाटायची.

बाजार खुला झाला त्यानंतरची लोकसभेची निवडणूक आली, तेव्हा मी विद्यापीठात शिकत होते. शहरात रोज नवी पाटी लागत होती. 'गुंतवणूक' हा शब्द लोक नामस्मरणासारखा घ्यायचे. वीज मात्र दिवसातून तीनदा जायची, आणि त्यावर उपाय म्हणून कोळशावरची खासगी केंद्रं येणार असल्याच्या बातम्या असायच्या. शहराबाहेर औषधांचे आणि रंगांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले होते. गोळ्या परदेशी जायच्या, गाळ इथल्या तळ्यांत उतरायचा. याला प्रगती म्हणायचं असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते कधीच कळलं नाही.

त्यातल्या एका तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आत्याचं घर होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मराठी शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शहराच्या त्या टोकाला प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, बोअर मारली. नळ तिकडे पोचलाच नव्हता. आसपासच्या घरांतल्या बायकाही तिच्याच बोअरवर घागरी भरायच्या. आत्याने कुणाला नाही म्हटलं नाही, फक्त रांग मोडू दिली नाही. शाळेची सवय.

त्या उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला. कुजका नाही. दवाखान्यात येतो तसा, गोडसर. आत्याने हंड्यात तुरटी फिरवली, पाणी उकळलं, फडक्यातून गाळलं. वास गेला नाही. तिच्या बोटांची सालं निघायला लागली. एकदा कणीक मळताना तिने परात बाजूला सारली आणि मला हात दाखवले. म्हणाली, "ही बोअर गेली तर मी कुठं जाऊ ग?"

मी तिथेच ठरवलं की या वेळचं पत्रक फक्त हवा, पाणी आणि वीज यांवर काढायचं.

बाबांचे मित्र कुरकुरले. महागाई सोडून हे कसलं खूळ, म्हणाले. मी दोन संध्याकाळी भांडले आणि जिंकले. पाच प्रश्न मीच लिहिले. कारखान्यांचं घाण पाणी तळ्यांत सोडणं बंद करणार का? कोळशावरच्या नव्या वीजकेंद्रांना विरोध करणार का? सूर्याच्या उष्णतेवर आणि वाऱ्यावर वीज करायला निधी मागणार का? धूर ओकणाऱ्या गाड्यांना आवर घालणार का? आणि पाचवा, कोळसा आणि तेल जाळल्याने पृथ्वीचं तापमान वाढत आहे, याबाबत आपली भूमिका काय?

पाचव्यावर बाबांचे एक मित्र म्हणाले, "मे महिन्यात हैदराबादेत तापमानाचं विचारशील तर लोक तुझ्याकडे कूलर मागतील."

"मागू देत," मी म्हटलं. "कूलर चालवायला वीज कुठून येते, तेही विचारू देत."

मी प्रश्न काढला नाही.

रिंगणात उमेदवार बरेच होते, पण लढत दोघांत होती. पहिला वकील. त्याची कचेरी कोठी भागात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. म्हातारा, तेलुगू माणूस, पण माझ्याशी दखनीत बोलला. प्रश्न दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बेटा, झूट लिखाना है क्या मेरे से?" मग तासभर बसून स्वतःच्या हाताने उत्तरं लिहिली. तळ्यातलं घाण पाणी बंद करणं एकट्या खासदाराच्या हाती नाही. कोर्टात दावा लावीन, पण कारखाने बंद करा असं म्हणणार नाही, त्यांतले कामगारही माझेच मतदार आहेत. कोळशाशिवाय आज शेतकऱ्याचा पंप फिरणार नाही. सूर्याची वीज महाग आहे, सरकारी इमारतींपासून सुरुवात करता येईल. गाड्यांच्या धुराचं बघू, पण रिक्षावाल्याचं पोट मारून नाही. आणि पाचव्या प्रश्नापुढे: 'या विषयाचे मला ज्ञान नाही. वाचून सांगेन.'

मला त्या माणसाचा संताप आला. हा काय उमेदवार? सगळ्यात पण, परंतु, बघू. जिना उतरताना मी मनात त्याला नापास करून टाकलं होतं.

दुसरा ठेकेदार. त्याच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी आत्याकडे होते. भर दुपारी वीज गेली होती, सगळी वस्ती दारं लोटून घामात पडली होती. मला घरात बसवेना म्हणून मी तळ्याच्या बांधावर गेले. तिथे एक हिरवा टँकर तळ्याकडे पाठ करून लावलेला होता. मागचा जाड पाइप थेट तळ्यात. पाणी तपकिरी, वर फेस, आणि तोच गोडसर वास. रात्रीच्या आडोशाला नाही, चोरून नाही. दिवसाढवळ्या, जेवण झाल्यावर हात धुवावेत तितक्या सहज. ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून विडी ओढत होता. मी विचारलं, "कुणाचा टँकर?" तो म्हणाला, "पाणी आहे मॅडम, पाणी." टँकरच्या मागच्या शिडीची एक पायरी तुटलेली होती आणि तिच्या जागी निळी दोरी बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या आवारात मी तीच निळी दोरी पाहिली. तीच शिडी, तोच टँकर, शेजारी तसलेच आणखी दोन. एकाच्या बॉनेटवर कार्यकर्ते प्रचाराचे झेंडे घड्या घालून ठेवत होते.

ठेकेदार जीपजवळ होता. कागद हातात घेतला, वाचला नाही, सेक्रेटरीला म्हणाला, "सबको होय लिख दे. बच्चे लोगां मेहनत करते." सेक्रेटरीने भराभर लिहिलं. ताबडतोब बंद करू. कडाडून विरोध करू. प्रत्येक छपरावर सूर्याची वीज आणू. कडक कारवाई करू. पृथ्वीचं तापमान वाढत आहे, याबाबत आपली भूमिका काय? 'पूर्ण पाठिंबा.'

ठेकेदाराने जीपवर कागद टेकवून सही ठोकली आणि मला थंड पेय पाजलं. मी ते प्याले. हेही सांगितलं पाहिजे.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, पत्रकात खाली दोन ओळी घालू या. टँकर कुठे पाहिला, नंतर कुठे पाहिला. बस.

बाबांनी दोघांच्या उत्तरांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "टँकर त्याच्या आवारात उभा होता. त्याचाच आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"बाबा, त्यावर त्याचे झेंडे होते!"

"भाड्याने घेतला असेल. आणि वकिलाच्या मागे अशी फिरलीस का तू? त्याच्या अशिलांत कारखानदार आहेत की नाहीत, पाहिलंस?"

"नाही."

"मग एकाचंच लिहायचं, याला काय म्हणतात?"

"पक्षपात," मी म्हटलं. लहानपणापासून पाठ असलेलं उत्तर होतं ते.

मी भांडायला हवं होतं. पाच प्रश्नांसाठी दोन संध्याकाळी भांडले, या दोन ओळींसाठी पाच मिनिटंही भांडले नाही. कारण मला ते पटलं. आपण या सगळ्या चिखलाच्या वर आहोत, आपले हात स्वच्छ आहेत, ही चव फार गोड असते. त्या पेयापेक्षा गोड.

पत्रक कोठीतल्याच एका छापखान्यात छापलं. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला वर उर्दू, खाली मराठी. छापखान्यातले चाचा वर्षानुवर्षं आमची पत्रकं छापत आले होते. त्यांनी मशीनवरून पहिला ओला कागद उचलला, उर्दू मजकूर वाचला आणि मान हलवली. "बेटा, ये परचा तो ठेकेदार को जिता देता."

"चाचा, आम्ही कुणालाच जिंकवत नाही. दोघांचं दोघांच्याच शब्दांत आहे."

"वोइच तो बोलरूं," चाचा म्हणाले आणि पुढचा कागद उचलला.

आठवड्याभरात आमचं पत्रक गावभर झालं. आम्ही छापलं होतं त्याच्या कितीतरी पटीने. ठेकेदाराच्या माणसांनी ते स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून घेतलं होतं. बदल काहीच केला नव्हता. काना नाही, मात्रा नाही. गरजच नव्हती. डाव्या रकान्यात रडगाणं, उजव्यात हिंमत. बेगम बाजारात किराण्याच्या पुड्या त्यात बांधून मिळत होत्या. बाबांच्या एका मित्राने तसली एक पुडी आणून दाखवली आणि म्हणाला, "बघा, आपला कागद घराघरात गेला." तो खरंच खुशीत होता.

सगळ्यात जास्त प्रती आत्याने वाटल्या. निवृत्त मास्तरीण, तिला कुणी दारातून परत पाठवत नसे. जिथे कुणाला वाचता येत नव्हतं तिथे तिने वाचून दाखवलं, तेलुगूत समजावून सांगितलं. मतदानाच्या आदल्या दिवशी ती तारनाक्याला आली. बाबा बाहेर गेले होते. आई भाजी चिरत होती. आत्याने पत्रक माझ्यासमोर पसरलं.

"हे बघ, मी सगळ्यांना सांगून आले. ठेकेदार लिहून देतोय, ताबडतोब बंद करू. सही आहे. वकील म्हणतो, माझ्या हाती नाही. मग तो पाहिजे कशाला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तू दोघांना भेटलीस. तू सांग ग. कुणाला देऊ?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांना तिने खोबरेल लावलं होतं.

"आत्या, पत्रक वाच," मी म्हटलं. "सगळं त्यात आहे."

"आता माझ्याशीसुद्धा सोवळं?" ती हसली. "बापाची लेक खरी."

आईने विळीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आत्या पत्रक घडी घालून पिशवीत ठेवून गेली. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला. आज तो अभिमान आठवला की तोंडात कडू येतं.

ठेकेदार निवडून आला. एका पत्रकाने कुणी खासदार होत नाही, हे मला कळतं; दारू होती, जात होती, पैसा होता. पण आत्याच्या वस्तीतलं मत आमच्या कागदाने फिरवलं, कारण तिथे आत्याने तो घरोघर वाचून दाखवला होता.

आणि मग टँकर वाढले. आता ते दुपारची वाटही बघत नसत. पावसाळा संपेपर्यंत बोअरचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. बोअरवाला येऊन बघून गेला. आत्याने विचारलं, आणखी खोल मारली तर? तो म्हणाला, "अम्मा, खाली पण तेच आहे. झाकण लावा आणि विसरा." त्याने स्वतःच पंप काढून बाहेर ठेवला. रांग लावणाऱ्या बायका घागरी घेऊन परत गेल्या. त्यानंतर आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर येऊ लागला. त्यावर ठेकेदाराचा हात जोडलेला फोटो होता.

आत्याने आमच्या पत्रकाची प्रत जपून ठेवली होती. ती घेऊन ती मला म्हणाली, "चल. सही आहे त्याची."

ठेकेदाराने आम्हाला बसवलं, चहा मागवला. आत्याने कागद पुढे केला. पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहिलंय. ताबडतोब."

"लिखा है ना, अम्मा," तो म्हणाला. "होय बोले तो होय. पाँच साल पडे हैं."

"माझी बोअर गेली."

"टँकर भेजरूं ना मैं? आता नहीं क्या?" त्याने सेक्रेटरीला हाक मारली. "अम्मा की गली में तीन बार भेजो अब से." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आप का परचा बहुत अच्छा था. अगली बार भी निकालो. खर्चा मेरा."

कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं, पण फेकायला माझ्याकडे काय होतं? त्यात त्याच्याविरुद्ध एक ओळ नव्हती. ती ओळ मीच घातली नव्हती.

बाहेर आवारात आत्या थबकली. हिरवे टँकर ओळीने उभे होते. ती एकाच्या मागे गेली, वाकली, पाइपाच्या तोंडाशी नाक नेलं आणि झटकन मागे झाली. "हाच वास!" ती ओरडली. "अग बघ, हाच वास आहे, माझ्या बोअरचा! हे लोकच..."

ती माझ्याकडे वळली. मी टँकरकडे बघत नव्हते. मी जमिनीकडे बघत होते. वर्गातल्या पोरांच्या खाली घातलेल्या माना वाचण्यात तिचा जन्म गेला होता.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पत्रक छापायच्या आधीपासून."

"मी तुला विचारलं होतं ग. तुमच्या घरी येऊन विचारलं होतं."

मी नियमाबद्दल बोलायला लागले. दोन वाक्यांत थांबले. तिथे त्या वासात उभं राहून तो नियम मलाच ऐकवेना.

बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. उतरताना म्हणाली, "उद्या सकाळी ये. तुझ्या बापालाही आण."

बाबा आले. आत्याच्या ओट्यावर उभे राहूनच म्हणाले, "ताई, नियम चुकीचा नव्हता. आपणही त्यांच्यासारखंच एकेकाची बाजू घेऊन लिहायला लागलो तर आपल्या कागदावर विश्वास कोण ठेवेल?"

"माझ्या दारातल्या बायकांनी ठेवला ना विश्वास," आत्या म्हणाली. "तुझा नियम तू तुझ्या नळाचं पाणी पिऊन पाळलास. माझ्या बोअरचं पिऊन पाळून दाखवायचा होतास."

बाबा चप्पल घालून आमच्यामागे निघाले.

आत्या दारोदार गेली, त्याच दारांत, जिथे तिने पत्रक वाचून दाखवलं होतं. प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः सांगायची, "मी तुम्हाला त्याला मत द्या म्हटलं. चुकले." आणि मग मला पुढे करायची. "ही सांगेल. हिने डोळ्यांनी पाहिलंय." मी तेलुगूत सांगायचे. तळं, दुपार, पाइप, दोरी, आवार, झेंडे. कुणी डोक्याला हात लावला. कुणी दार लावून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, सगळे सारखेच, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. सगळे सारखे नव्हते. एकाने खरं लिहून दिलं होतं, आणि आम्ही ते असं मांडलं की ते खोट्यासमोर केविलवाणं दिसावं. मी तेही सांगितलं. म्हाताऱ्याने पेपर खाली घेतला नाही.

तळ्याकडच्या शेवटच्या घरातली बाई भांडी घासत होती. राखेचे हात तसेच ठेवून तिने पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या हातांचीही सालं निघालेली होती.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"आमचा एक नियम होता..."

"कुणाचा नियम?" तिने विचारलं. "आम्हाला विचारून केला होता?"

बाबा माझ्यामागे उभे होते.

तिने हात पदराला पुसले. टँकरच्या पाण्याची बादली जपून, न सांडता बाजूला सरकवली आणि कंपाऊंडच्या भिंतीवरून शेजारणींना नावं घेऊन हाका मारल्या. एकेक करून त्या जमल्या. कडेवर पोरं, ओले हात, चेहऱ्यावर वैताग.

"आता बोल," ती मला म्हणाली. "पहिल्यापासून. आणि त्याचं नाव घेऊन बोल."

मी नाव घेतलं.